लहान खाऱ्या टाकींतील पोवळीं : नवशिक्यानें कोणतीं निवडावीं ?

पोवळें म्हटलें कीं आपल्याकडे प्रथम अंगठींतील तांबडा खडा डोळ्यांपुढें येतो. नवरत्नांत त्याची गणना आहे. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येत असे, व आपल्या किनाऱ्यास त्याची ओळख फार जुनी आहे. आचोळ्याच्या शेजारचें सोपारें हें प्राचीन काळचें नामांकित बंदर. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका ग्रीक प्रवासवृत्तांत त्याचें नांव ‘सुप्पारा’ असें आलें आहे, आणि भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाच्या यादींत त्याच वृत्तांत पोवळ्याचाहि उल्लेख आहे. म्हणजे पोवळें या प्रांतास नवें नाहीं. तें घरांत जिवंत पाळण्याची हौस मात्र नवी आहे.

आचोळें आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. ही महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली. तळें जागेवर आहे, परंतु भोंवतालच्या खाचरांच्या जागीं बहुतेक इमारती झाल्या आहेत. ज्या घरांत पूर्वी गोठा होता, तेथील मुलें आतां दिवाणखान्यांत कांचेची टाकी मांडून मासे पाळतात. गोड्या पाण्याचे मासे साधले म्हणजे त्यांचें लक्ष खाऱ्या पाण्याकडे व त्यांतील पोवळ्यांकडे वळतें. ही हौस वाईट नाहीं. परंतु तींत तीन धोके आहेत : पैसा व्यर्थ जाणें, अजाणतां कायद्याचा भंग होणें, आणि क्वचित् जिवास अपाय होणें. घरचा कर्ता माणूस जाणता असेल तर हे तिन्ही धोके टळतात. याकरितां हा धडा आम्ही देत आहों.

पोवळें म्हणजे काय ?

पोवळें ही वनस्पति नव्हे, व दगडहि नव्हे. तो प्राणी आहे. एकेक जीव लहान, नळीसारखा. वर तोंड, तोंडाभोंवतीं मऊ स्पर्शिका. असे शेंकडों जीव एकमेकांस जोडून राहतात, तेव्हां त्या वसाहतीस आपण पोवळें म्हणतों. कांहीं जातींचे जीव पाण्यांतील चुना घेऊन आपल्याखालीं दगडासारखा सांगाडा बांधतात. त्यांस पाषाण-पोवळीं म्हणूं. कांहीं असा सांगाडा बांधीत नाहींत. त्यांचें अंग मांसल असतें. त्यांस मऊ पोवळीं म्हणूं.

आमच्या वाचकांस विशेष गमतीची वाटेल ती गोष्ट पुढेंच आहे. बहुतेक उथळ पाण्यांतील पोवळ्यांच्या अंगांत अतिसूक्ष्म शेवाळ राहतें. तें उजेडांत अन्न तयार करतें व त्यांतील मोठा वांटा पोवळ्यास देतें. पोवळें त्यास आसरा व आपल्या मलांतील नत्र देतें. द्विदल पिकाच्या मुळांवरील गांठींत जंतु राहून पिकास नत्र पुरवितात, तशाच जातीची ही भागी आहे. पाणी फार तापलें म्हणजे ही भागी मोडते, शेवाळ बाहेर पडतें व पोवळें पांढरें पडतें. याच कारणानें १९९८ सालीं लक्षद्वीपांतील पोवळ्यांची फार हानि झाली, व २०२४ सालच्या एप्रिलांत तर साऱ्या जगाच्या समुद्रांतील असें चौथें मोठें संकट चालू असल्याचें शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. घरच्या टाकींतहि हेंच घडतें. फरक इतकाच कीं, समुद्रास तापावयास आठवडे लागतात, टाकीस एक दुपार पुरते.

कायदा आधीं, खरेदी नंतर

पोवळीं आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रांतहि आहेत. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत तीं आहेत, व तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रांत बुडालेलें एक विस्तीर्ण पठार आहे. त्यास कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून नांव पडलें आहे. त्यावरहि पोवळीं आहेत. मुंबईत वरळी व हाजी अली येथील खडकांवर तीं आहेत. किनारी रस्त्याचें काम चाललें असतां २०२० सालीं तेथील कांहीं वसाहती वन खात्याची परवानगी घेऊन शास्त्रज्ञांच्या हातून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. शासनाच्या कामासहि जेथें परवानगी लागते, तेथें खाजगी गृहस्थानें खडकावरून तुकडा फोडून आणणें म्हणजे काय होईल, हें सांगावयास नको.

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं पोवळ्यांचा समावेश झाला. सर्व पाषाण-पोवळीं, काळीं पोवळीं, अग्नि-पोवळीं, बांसरी-पोवळें व समुद्रपंखे हे सारे त्यांत येतात. हें परिशिष्ट वाघाचेंहि आहे, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे त्याचें गांभीर्य समजेल. पहिल्या परिशिष्टांतील जिवाविषयींच्या अपराधास ३ ते ७ वर्षें कैद व २०२२ सालच्या सुधारणेनंतर निदान २५,००० रुपये दंड सांगितला आहे. मेलेला सांगाडा शोभेकरितां बाळगणें हेंहि त्यांतून सुटत नाहीं. जत्रेंत ‘इंद्रजाल’ म्हणून जी काळी जाळीदार फांदी भिंतीवर टांगण्यास विकतात, ती कोणत्याहि जादूची वनस्पति नव्हे. ती समुद्रपंख्याची किंवा काळ्या पोवळ्याची वाळलेली वसाहत असते. ती घरीं आणूं नये.

या यादींत मांसल मऊ पोवळीं, अळंबी-पोवळीं व गुच्छ-पोवळीं यांचीं नांवें नाहींत. आणि योगायोग असा कीं, नवशिक्याच्या हातीं टिकणारीं पोवळींहि बहुतांशीं हींच आहेत. म्हणून कायदा व सोय या दोहोंचा कौल एकाच बाजूस पडतो. तथापि यादींत नाहीं म्हणून अर्नाळा किंवा राजोडी येथें ओहोटीला जाऊन खडकावरचे जीव खरवडून आणावे, असा अर्थ कोणी काढूं नये. तेथील खडकावर कोणता जीव कोणत्या जातीचा, हें ओळखणें तज्ज्ञासहि कठीण जातें. आणि उघड्या किनाऱ्यावरचा जीव टाकींत आणला तर तो बहुधा मरतो. टाकींतच वाढविलेल्या वसाहतीचा तुकडा, पक्क्या पावतीसह, हीच खरी खरेदी. माल परदेशांतून आला असेल तर आयातीचे कागद दुकानदारानें दाखविले पाहिजेत.

टाकी व पाणी

जमीन तयार नसतां बीं टाकणारा शेतकरी नसतो. येथें पाणी हीच जमीन. लहान टाकी स्वस्त म्हणून सोपी, हा समज चुकीचा आहे. पाणी जितकें थोडें तितकें तें लवकर बिघडतें. आमच्या मतें ६० सें.मी. लांब, ४० रुंद व ४० उंच याहून लहान टाकी नवशिक्यानें घेऊं नये. ती कांठोकांठ ९६ लिटरांची होते. वरचे ५ सें.मी. मोकळे सोडून व खडकांची जागा वजा जातां सुमारें ७५ लिटर पाणी राहतें. पाणी, कांच व खडक मिळून वजन शंभर किलोच्या वर जातें. म्हणून चौरंग भक्कम व समतोल असावा.

पाण्याचा खारेपणा हजारीं ३५ भाग असावा. म्हणजे एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार. येथें आमच्या वसईकर वाचकांच्या मनांत एक विचार हमखास येईल : मिठागरें आपल्या दारांत, मग विकतचें महाग मीठ कशाला ? त्याचें उत्तर मिठागरांतच आहे. खाडीचें पाणी वाफ्यांत आटत जातें तेव्हां प्रथम चुना खालीं बसतो, मग गोदंती, त्यानंतर खावयाचें मीठ. आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटीं उरणाऱ्या कडू पाण्यांत राहतात, तें पाणी आपण सोडून देतों. म्हणजे मिठागरांतून निघतें तें समुद्राच्या क्षारांपैकीं एकच प्रमुख मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें १.३ ग्रॅम मॅग्नेशियम व ०.४ ग्रॅम चुन्याचें मूलद्रव्य कॅल्शियम असतें. खावयाच्या मिठानें तें भरून येत नाहीं. सबब मत्स्यपालनाकरितां तयार केलेलें समुद्री क्षारमिश्रणच वापरावें. ७५ लिटरांस सुमारें २ किलो ७०० ग्रॅम लागतें. नेमकें प्रमाण पुडीवर पाहून व खारेपणा मोजण्याच्या यंत्रानें ताडून घ्यावें.

किनाऱ्यावरून पाणी भरून आणणेंहि आम्हांस पसंत नाहीं. आपल्या पट्ट्याच्या उत्तरेस वैतरणेचें मुख व दक्षिणेस वसईची खाडी आहे. पाणी गढूळ, त्यांत शहराचा मैला मिसळलेला, आणि पावसाळ्यांत तर त्याचा खारेपणाच उतरतो. विहिरीच्या पाण्यांत चुना, क्षार व नत्र असतात. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें. गाळणीयंत्रांतून काढलेलें जवळजवळ क्षाररहित पाणी घेऊन त्यांत क्षार मिसळणें हाच खात्रीचा मार्ग आहे.

आतां एक हिशेब. टाकींतलें पाणी उन्हाळ्यांत रोज एक लिटर उडालें असें धरूं. उडतें तें निव्वळ पाणी. मीठ मागें राहतें. आठवडाभर कांहींच घातलें नाहीं तर ७५ लिटरांचे ६८ लिटर होतात व खारेपणा ३५ वरून ३८.६ वर जातो. आणि ही तूट कोणी रोज खाऱ्या पाण्यानें भरून काढली, तर तो ३८.३ होतो, म्हणजे जवळजवळ तीच हानि. म्हणून उडालेली तूट गोड्या पाण्यानेंच भरावी, व रोज भरावी. कांचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ मारून ठेवली कीं हें काम मुलांसहि जमतें.

टाकी मुरूं द्यावी

ताजें शेण पिकाच्या मुळाशीं घातलें तर पीक जळतें. तें कुजून मुरलें म्हणजे खत होतें, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावयास नको. टाकींतहि तसेंच. जिवांच्या मलापासून अमोनिया होतो, तो विषारी असतो. एका प्रकारचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचें नायट्रेट करतात. जमिनींत चालणारी हीच क्रिया आहे. हे जंतु खडकांच्या छिद्रांत वस्ती करतात व त्यांस वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. याकरितां पोवळ्याचे खडक आणूं नयेत. सच्छिद्र भाजलेल्या मातीचे, खास या कामाकरितां केलेले तुकडे मिळतात, ते वापरावे. तपासणीच्या पेटीनें अमोनिया व नायट्राइट हीं दोन्हीं शून्य दिसेपर्यंत कोणताहि जीव आणूं नये. अधीर माणसाची पहिली खरेदी याच पायरीवर वायां जाते.

उष्णता, उजेड व ओघ

पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेंटिग्रेड असावी. आपल्याकडे थंडीचा प्रश्न क्वचित्. खरा प्रश्न चैत्र-वैशाखाचा व पावसाळा सरल्यावरच्या उन्हाचा. बंद घरांत दुपारीं पाणी ३० च्या वर सहज चढतें. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर वाफ होऊन दोन-तीन अंश उतरतात. माठाचें पाणी थंड होतें त्याच न्यायानें. परंतु किनाऱ्याच्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, वाफ कमी होते व पंख्याचा गुणहि कमी येतो. ज्या खोलींत दुपारीं वारा नाहीं व वातानुकूलनहि नाहीं, तेथें ही हौस न केलेली बरी. पाणी गार करण्याचें यंत्र मिळतें. त्याचा व विजेचा खर्च प्रथमच हिशेबांत धरावा.

उजेडाकरितां टाकी खिडकींत ठेवूं नये. उन्हानें पाणी तापतें व शेवाळ माजतें. समुद्री पोवळ्यांकरितां केलेले निळसर-पांढरे एल. ई. डी. दिवे रोज आठ ते दहा तास ठरल्या वेळीं लावावे. आपल्या पानमळ्यांत वेलीस उघडें ऊन सोसत नाहीं, म्हणून सावली धरतात; मऊ पोवळ्यांपैकीं बहुतेकांची प्रकृति पानवेलीसारखीच आहे. प्रखर दिव्याखालीं तीं आखडतात. पाण्याचा ओघ मध्यम असावा. स्पर्शिका सावकाश हलत राहाव्या, वाकून चिकटून राहूं नयेत.

कोणतीं घ्यावीं ?

नवशिक्याकरितां आमची शिफारस पुढील क्रमानें आहे.

१. *अळंबी-पोवळें.* शास्त्रीय नांवें डिस्कोसोमा व रोडॅक्टिस. पावसाळ्यांत उगवणाऱ्या भूछत्रासारखें चपटें, तांबडें, निळें वा हिरवें. कमी उजेड व मंद ओघ यांत सुखी राहतें, व पाण्यांत थोडें नायट्रेट असलें तरी सोसतें. पहिलें पोवळें हेंच असावें. दोष इतकाच कीं, शेजाऱ्यास टेंकलें तर तें त्यास दंश करतें.

२. *चर्म-पोवळें.* शास्त्रीय नांव सार्कोफायटन. जाड देंठावर छत्री, व तीवर बारीक फुलासारखे जीव. फार चिवट. मधूनमधून हें कांहीं दिवस मिटतें, अंगावर मेणासारखी कात धरतें व ती टाकून पुन्हा उमलतें. तेव्हां तें मेलें असें समजून फेंकून देऊं नये. हें पाण्यांत असें द्रव्य सोडतें कीं, जवळच्या इतर पोवळ्यांची वाढ खुंटते. म्हणून गाळणींत कोळसा ठेवावा.

३. *झाड-पोवळें.* शास्त्रीय नांव कॅपनेला. लहान झुडुपासारखें. आपोआप फांद्या गाळतें व प्रत्येक फांदी जेथें पडेल तेथें रुजते. वाढ दिसावी अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं घ्यावें.

४. *झेनिया.* याचे पंजे एकसारखे उघडतात-मिटतात. मुलांस त्याचें मोठें कौतुक. परंतु बांधावरची हरळी व खाचरांतला लव्हाळा ज्यास माहीत आहे, त्यास याचा स्वभाव एका शब्दांत सांगतां येईल : तण. मुख्य खडकावर लावलें तर वर्षभरांत सारा खडक व्यापतें. वेगळ्या सुट्या दगडावरच लावावें.

५. *गुच्छ-पोवळीं.* शास्त्रीय नांवें झोअँथस व पॅलिथोआ. नाण्याएवढ्या रंगीत फुलांचा गालिचा. दिसण्यांत सर्वांत सुंदर व टिकण्यांत सोपीं, म्हणून दुकानदार तींच प्रथम पुढें करतात. आम्ही तीं मुद्दाम शेवटीं घातलीं आहेत. त्याचें कारण पुढें विषाच्या प्रकरणांत येईल. घरांत लहान मूल असेल तर तीं वगळावीं.

हिरवें तारका-पोवळें म्हणून एक चटईसारखें पसरणारें पोवळें सोपें म्हणून सुचविलें जातें. तें चिवट आहे खरें. परंतु शास्त्रज्ञांनीं त्यास आतां समुद्रपंख्यांच्या गोतांत बसविलें आहे, व समुद्रपंखे परिशिष्टांत आहेत. वन खात्याकडे विचारल्यावांचून तें घेऊं नये.

कोणतीं टाळावीं ?

फांद्यांचें अॅक्रोपोरा, फुलदाणीसारखें गोनिओपोरा, लांब स्पर्शिकांचें युफिलिया, नारिंगी सूर्य-पोवळें, हीं सारीं पाषाण-पोवळीं असल्यामुळें कायद्यानेंच बाद आहेत. दुकानांत दिसलीं म्हणून तीं कायदेशीर होत नाहींत. मऊ पोवळ्यांतहि एक मोठा फसवा प्रकार आहे : डेंड्रोनेफ्थिया. गुलाबी, शेंदरी, जणूं कांचेचें फुलझाड. त्याच्या अंगांत शेवाळाची भागी नाहीं. त्यास रात्रंदिवस पाण्यांतील सूक्ष्म जीव खावयास लागतात. घरच्या टाकींत तें कांहीं आठवड्यांत उपाशीं मरतें. रंगावर भाळून जनावर घेऊं नये, तसेंच हें.

खरेदी, लावणी व अंतर

आमच्या वसईच्या बागाईतदारास केळीचे मुनवे पारखावयास शिकवावें लागत नाहीं. राजेळीचा मुनवा घेतांना तो जसा मातेची बाग, कंदाचा निरोगीपणा व कीड हीं पाहतो, तसेंच येथें पाहावें. ज्या टाकींतून तुकडा येतो ती टाकी स्वच्छ आहे कीं नाहीं ? तुकडा आजच कापला कीं त्याची जखम भरून तो दगडास धरला आहे ? तीन आठवडे धरलेला तुकडा ताज्या कापलेल्यापेक्षां दुपटीनें मोलाचा. जीव उमललेले असावेत. बुडाशीं पांढरा चिकट पदार्थ, तपकिरी लिबलिबीत डाग किंवा दुर्गंधि असल्यास घेऊं नये. दगडावर कांचेसारखें पारदर्शक, लांब हातांचें फूल दिसलें तर तें एप्टेसिया नांवाचें तण आहे. तें एकदां टाकींत शिरलें कीं निघतां निघत नाहीं.

घरीं आणल्यावर पिशवींतील पाण्यांत टाकीचें पाणी थेंबथेंब अर्धा-पाऊण तास सोडावें. नंतर तुकडा धुण्याच्या औषधी पाण्यांत सांगितलेल्या वेळेपुरता बुडवावा, म्हणजे चपटे कृमि गळून पडतात. पिशवींतलें पाणी टाकींत ओतूं नये. तुकडा प्रथम तळाशीं, कमी उजेडांत ठेवावा व दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्यावा. रोपवाटिकेंतील रोप एकदम उन्हांत लावीत नाहींत, तसेंच. दोन जातींमध्यें निदान वीतभर अंतर सोडावें. आज मोकळी दिसणारी जागा वर्षानें भरते, हें बाग लावणारा जाणतोच. प्रथम एकच तुकडा आणावा. महिनाभर तो नीट राहिला म्हणजे दुसरा.

माशांविषयीं दोन शब्द. एवढ्या टाकींत लहान विदूषक माशांची एक जोडी पुरे. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनें या माशांची पैदास बंदिस्त जागेंत साधली आहे, व महाराष्ट्रांत ऐरोली येथें कांदळवन प्रतिष्ठानानेंहि हें काम हातीं घेतलें. पैदाशींतले मासे घेतले म्हणजे समुद्रावर भार पडत नाहीं, व ते टाकींतील अन्नास आधींच सरावलेले असतात.

विषाची गोष्ट

हें प्रकरण घरांतील सर्वांनीं वाचावें. कांहीं गुच्छ-पोवळ्यांत, विशेषतः पॅलिथोआंत, पॅलिटॉक्सिन नांवाचें विष असतें. हवाई बेटांतील अशा पोवळ्यापासून तें प्रथम वेगळें काढल्याचें १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. प्राण्यांपासून मिळणाऱ्या अत्यंत जहाल विषांपैकीं हें एक आहे. तुकडा पाण्यांत स्वस्थ असतां भय नसतें. भय उत्पन्न होतें तें माणसाच्या हातानें : नको असलेला गुच्छ मारण्याकरितां खडकावर कढत पाणी ओतणें, खडक उकळणें, कोरड्यावर घांसणें, किंवा घणानें फोडणें. वाफेबरोबर विष हवेंत येतें व घरांतील सर्वांच्या श्वासांत जातें. अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत २०१२ ते २०१४ या काळांत घरांत व दुकानांत अशा घटना झाल्याची नोंद तेथील आरोग्य खात्यानें केली आहे.

म्हणून नियम असे : गुच्छ-पोवळ्यास हात लावतांना जाड रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा असावा. हातास जखम असेल तर टाकींत हात घालूं नये. कापणें झाल्यास पाण्याखालीं, तेंहि जाणत्याकडून. टाकींतलें भांडें, चिमटा व ब्रश स्वयंपाकघरांत जातां कामा नयेत. खडक कधींहि उकळूं नये. काम केल्यावर तोंड कडू होणें, खोकला, धाप, थंडीताप, अंग दुखणें, डोळे जळणें यांपैकीं कांहीं जाणवलें तर सर्वांनीं ताबडतोब घराबाहेर मोकळ्या हवेंत यावें, रुग्णालयांत जावें, आणि डॉक्टरांस ‘पोवळ्याचें विष’ असें स्पष्ट सांगावें. या विषावर उतारा नाहीं. वेळेवर मिळालेली शुश्रूषा हाच उपाय. डॉक्टरांस कारण सांगितलें नाहीं तर ते साधा ताप समजतील.

निगा

दर आठवड्यास दहावा हिस्सा, म्हणजे साडेसात लिटर पाणी बदलावें. त्यास २७० ग्रॅम क्षार लागतो. क्षार आदल्या दिवशीं मिसळून हालवून ठेवावा. रोज उष्णता व पातळी पाहावी. आठवड्यांतून एकदां खारेपणा व नायट्रेट तपासून वहींत लिहावें. मऊ पोवळ्यांस नायट्रेट अगदीं शून्य नको; लिटरास ५ ते २० मिलिग्रॅम चालतें. निव्वळ निर्मळ पाण्यांत तीं उलट रोडावतात. भूक सर्वांसच आहे. माशांस चिमूटभरच खाणें घालावें. उरलेलें खाणें म्हणजे कुजणारें खत. वीज गेल्यास घटावर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा. भर उन्हाळ्यांत चार तास ओघ बंद पडला तरी टाकीस धोका पोंचतो.

आणि हौस संपली तर ? टाकी रिकामी करून तिच्यांतील जीव खाडींत, तळ्यांत वा समुद्रांत सोडण्याचा मोह होतो. तो दयेचा मार्ग वाटतो, परंतु तो नव्हे. आचोळ्याच्या तळ्याच्या गोड्या पाण्यांत खारा जीव तत्काळ मरेल. आणि समुद्रांत सोडला व तगला, तर घाणेरी किंवा जलपर्णी यांनीं आपल्या भूमीचें व तळ्यांचें जें केलें तें तो खडकाचें करील. असे जीव दुसऱ्या पाळणाऱ्यास किंवा दुकानदारास परत द्यावे.

शेवटीं, ज्या तरुणांस पोवळ्यांचे तुकडे वाढवून विकण्याचा जोडधंदा सुचतो, त्यांस आमचें सांगणें एवढेंच : प्रथम एक वर्ष एकच टाकी, वर सांगितलेल्या पहिल्या तीन जाती, व रोजची वही. चैत्र-वैशाखाचें ऊन व पावसाळ्यांतले विजेचे खोळंबे यांतून जी टाकी निभावली, तीच पुढच्या भांडवलाची हमी. एका हंगामावरून कोणीहि बाग वाढवीत नाहीं. ज्या घरीं दुपारीं पाण्याची उष्णता पाहावयास कोणी नाहीं, त्यानें पोवळीं न घेतां गोड्या पाण्याचे मासे सुखानें पाळावे. त्यांत उणेपणा कांहींच नाहीं.